तुंगाक्काचे काळे बोट

तुंगाक्काचा चेहरा आज आठवू म्हटले तर नीट आठवत नाही. नाक सरळ होते की बसके, यावर मी शपथेवर साक्ष देऊ शकणार नाही. पण तिच्या उजव्या हाताची अनामिका मी हजार बोटांतून ओळखून काढीन. त्या बोटाचे पहिले पेर काळे होते. नखाच्या कडेला, पेराच्या बारीक सुरकुत्यांत वर्षानुवर्षांचे काजळ मुरले होते. कुणी ते बोट सावलीत बुडवून काढले असावे, असे दिसे. दुपारी पडल्या पडल्या डोळा लागू लागला, की ते बोट अजूनही माझ्या समोरून जाते. त्यामागे माणूस नसतो. बोटच तेवढे असते, आणि भोवती एरंडेलाचा किंचित उग्र, किंचित गोड वास.

आमचा बोळ सीमाभागातल्या शहापुरातला. दोन्ही बाजूंना विणकरांची घरे, घराघरांत माग. त्यांची खटखट इतकी अखंड, की नव्या माणसाला तिने झोप येऊ नये आणि जुन्या माणसाला ती थांबल्यावर जाग यावी. ओट्यांवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत. ऊन त्या लडींतून गाळून खाली येई, तेव्हा बोळाच्या एका टोकाची हवा जांभळी दिसे आणि दुसऱ्या टोकाची हळदी. मी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो. ओट्यावर टेबल मांडून मी दिवसभर अर्ज लिहीत असे. तुंबलेले गटार, न जळणारे दिवे, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत न आलेले उत्तर. माझ्याकडे विषयांची टंचाई नव्हती. अन्याय दिसला की माझा हात पेनाकडे जातो. हा स्वभाव मी बदललेला नाही आणि बदलणारही नाही.

तुंगाक्का समोरच्या घरात, रस्त्याकडच्या एका खोलीत राही. माहेर निपाणीकडचे. नवरा मागावर बसणारा. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तो गेला. मूलबाळ नव्हते. मल्लाप्पा नावाच्या मागवाल्याला ती कांड्या भरून देई, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळून देई, आणि त्यावर तिचे भागे. माझ्यापेक्षा ती चार-पाच वर्षांनी मोठी असावी, तरी मला ‘आप्पा’ म्हणे. आणि चिडवायचे असले की ‘वकील’.

“काय वकील, आज कुणाला नोटीस?”

“गटाराला,” मी मान वर न करता म्हणे.

“गटार वाचतंय व्हय?”

मी रागाने वर पाही, तर ती सुताकडे बघून हसत असे. एकदा माझा सहा पानांचा अर्ज तिने हातात घेऊन तोलून पाहिला आणि म्हणाली, “आप्पा, तुमच्या कागदाला राग लई हाय. पाय न्हाईत.” इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही न्यायाधीशाने माझ्या लिखाणाविषयी इतका नेमका अभिप्राय दिला नव्हता.

पण बोळात तिची ओळख होती ती काजळामुळे. जेवणे आटोपली, माग घटकाभर मंदावले, की ती वारा नको म्हणून दार ओढून घेई. माक्याच्या रसात भिजवून वाळवलेली वात, एरंडेलाचा दिवा, दोन विटा आणि त्यांवर पालथे घातलेले तांब्याचे ताट. दाराच्या फटीतून बघितले तर एवढीशी ज्योत दिसे आणि तिच्याकडे टक लावून बसलेली ती. काजळी धरायला जितका वेळ लागे, तितका वेळ ती हलत नसे. मग ती काजळी खरवडून तुपात खलायची आणि चपट्या पितळी डबीत भरायची. या काजळाचे तिने कुणाकडून कधी काही घेतले नाही.

अमावास्येच्या आदल्या सकाळी तिची फेरी निघे. आया न्हाऊ घातलेली पोरे मांडीवर आडवी घेऊन ओट्यावर बसलेल्या असत. “वर बघ, वर. आढ्याला काय हाय? माकड हाय, माकड,” असे पुटपुटत ती बोट पापणीच्या काठावरून अशा काही हलक्या हाताने नेई, की रडायला तोंड उघडलेले मूल ते तसेच उघडे ठेवून थांबे. मग दुसरे मूल, दुसरे घर. फेरीचा एक नियम होता. शेवटचे घर होईपर्यंत बोट धुवायचे नाही आणि पदराला पुसायचेही नाही. पुसले की दृष्ट परतते, असे तिच्या सासूने सांगितलेले. बोळातली झाडून सारी मुले एकाच बोटाखालून जात, आणि त्यात सगळ्यांना फार मोठे संरक्षण वाटत असे.

आता मी जे लिहिणार आहे ते रागाने लिहिणार आहे, आणि तो राग मला कमी करायचा नाही. आमच्या बोळाला एक अलिखित कायदा होता. विधवेला हळदीकुंकवाचे बोलावणे नाही. ओटी भरताना तिने समोर उभे राहायचे नाही. लग्नघरी तिने मागल्या दाराने यायचे, भाकऱ्या थापायच्या आणि मागल्या दाराने जायचे. तुंगाक्काने हा कायदा ऐन तारुण्यापासून पाळला. त्याला एकच अपवाद होता, बारशाचा. मल्लाप्पाचा थोरला तान्हेपणी दगावता दगावता वाचला, तेव्हा तिने त्याला काजळ लावले होते म्हणे. तेव्हापासून पायंडा पडला की बाळाच्या पहिल्या काजळाला बोट तुंगाक्काचे. त्या दिवशी ती धुवट पातळ नेसून, डबी मुठीत धरून, पुढल्या दाराने आत जाई. पाळण्यापाशी तिला जागा असे. घुगऱ्यांची पहिली मूठ तिच्या ओंजळीत पडे. वर्षाकाठी बारशी होऊन होऊन किती होणार? पण प्रत्येक बारशानंतर चार दिवस ती कांड्या भरता भरता पाळण्याची गाणी गुणगुणत असे, आणि समोर बसून मी माझ्या अर्जांतली विशेषणे विसरत असे.

एका घरात मात्र ती जात नसे. गुरुजींच्या. गुरुजींची बायको कमळाबाई हिने काही वर्षांपूर्वी ओट्यावर उभे राहून, चारचौघींत सांगितले होते, “पांढऱ्या कपाळाचा हात माझ्या लेकरांस्नी नको.”  पुढच्या फेरीपासून तुंगाक्का ते एक दार वगळून पुढे जाऊ लागली, इतकेच.

आणीबाणी उठून काही वर्षे झाली होती, तेव्हाची ती साथ. आधी बाजारातून बातमी आली, मग काळे चष्मे आले, आणि मग डोळे आले. आमच्याकडे ‘डोळे आले’ असेच म्हणतात; जणू आधी नव्हते आणि आता पाहुणे म्हणून उतरले. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. उघडल्या की आत जास्वंद फुलल्यासारखे लाल. मागावर बसणाऱ्यांना ताणा दिसेना, तुटलेला धागा सापडेना. एक माग थांबला, मग शेजारचा, आणि एका दुपारी मी दचकून जागा झालो तो बोळातल्या शांततेने. त्या शांततेत लडी हलत होत्या, आणि काळे चष्मे लावलेली माणसे भिंतींना हात लावत सावकाश चालत होती. नजरेला नजर भिडली की रोग लागतो, असा समज होता. त्यामुळे कुणी कुणाकडे पाहत नव्हते. लोक एकमेकांच्या पायांशी बोलत. भाजीवाली कोथिंबिरीशी बोले. मला ते सगळे पाण्याखाली चालल्यासारखे वाटे.

मी अर्थातच गटाराविरुद्ध लिहीत होतो.

आयांनी तुंगाक्काला अमावास्येची वाट पाहू दिली नाही. काजळाने थंडावा येतो, आग कमी होते, म्हणून हाका येऊ लागल्या. ती एक दिवसाआड फेरी काढू लागली. ठसठसत्या डोळ्यांवरून बोट फिरवायचे, पुढच्या घरी जायचे. ज्यांचे अजून आले नव्हते त्यांनाही, येऊ नयेत म्हणून, लावायचे. रात्रीचे जेवण तिला सुचत नव्हते. नियमाप्रमाणे बोट ती शेवटच्या घरानंतरच धूत होती.

मल्लाप्पाच्या नातवाला घेऊन ती एकदा चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा चष्म्याचा नंबर बघून घ्यायला मीही तिथे होतो. डॉक्टर दिवसभर तेच तेच सांगून कंटाळले होते. “अहो, बघून काही होत नाही. हे विषाणूचं दुखणं. डोळ्यातलं पाणी हाताला लागतं, हात टॉवेलाला, टॉवेल दुसऱ्याच्या डोळ्याला. विषाणूला मारणारं औषध माझ्याकडं नाही. तो आठवड्याभरानं आपला आपण जातो. साबणानं हात धुवा, डोळे चोळू नका, टॉवेल-उशी ज्याची त्याला. फार दुखलं, दिसायला कमी झालं, तर मात्र लगेच या.”

“आणि हात लागल्याबिगर?” तुंगाक्काने विचारले.

“हात लागल्याशिवाय कसा जाईल, आक्का? त्याला पाय आहेत का?”

 परत येताना मुलाचा हात तिने धरला नव्हता. त्याला तिने आपल्या पुढे चालवले होते.

त्याच दुपारी तिने बोळ ओलांडला आणि इतक्या वर्षांनी गुरुजींच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. मी ओट्यावर होतो. पेन माझ्या हातात होते, पण त्याने पुढे काही लिहिले नाही.

“बाई, हाय का घरात?”

कमळाबाई पदर सारखा करत बाहेर आल्या. “काय गं? आज हिकडं कशी वाट चुकलीस?”

“आत येत न्हाय. पोरांस्नी जरा उजेडात आणा. डोळं बघायचं हाईत.”

“त्यांस्नी काय धाड भरलीया? अख्ख्या बोळात बोंब हाय, आमच्यात एकाचं बी आलं न्हाईत. म्हणून तर मी तवाच म्हणलं हुतं…” आणि कमळाबाई थांबल्या. पुढचे वाक्य त्यांना आठवत असणार. तुंगाक्कालाही आठवत होते.

मुले ओट्यावर आली. तुंगाक्काने दोन्ही हात पाठीमागे घेतले, एकाने दुसऱ्याचे मनगट धरले, आणि वाकून तिन्ही मुलांचे डोळे पाहिले. पांढरे, स्वच्छ डोळे. ती बराच वेळ पाहत होती. मग सरळ झाली.

“तुमचं कारण वाईट हुतं, बाई,” ती म्हणाली. “पर निकाल बरोबर लागला.”

कारणमीमांसा चुकीची, हुकूम कायम: वरिष्ठ कोर्टांचे असे निकाल मी आयुष्यभर नकलून काढले होते. पण ज्याच्या विरुद्ध निकाल लागला, त्याने स्वतःच तो वाचून दाखवलेला मी तोवर पाहिला नव्हता.

तिथून ती माझ्याकडे आली. ओट्याखालीच उभी राहिली. “आप्पा, गटारावरचा कागुद ऱ्हावू द्या. फिर्याद माझ्यावर हाय.”

मी तिचे वकीलपत्र न मागता घेतले. साथ सबंध गावात आहे, म्हणालो. तिकडे काय तुझे बोट गेले होते? हेतू नाही तिथे गुन्हा नाही. शिवाय संशयाचा फायदा आरोपीला द्यावा लागतो.

“गावाचं गाव बघंल. माझ्या बोळाचं म्या बघती. जितं जितं हे बोट गेलं, तितं तितं डोळं आलं. एका घरात गेलं न्हाय, तितं न्हाय आलं. ह्याला तुमच्या कोर्टात काय म्हणत्यात?”

“परिस्थितिजन्य पुरावा,” मी म्हणालो. 

“मग झालं तर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर घागरींची रांग लागलेली असताना तिने सगळ्यांना सांगितले. काजळ बंद. आजपासून कुणी मागायचे नाही, ती देणार नाही. बायका आधी हसल्या.

“आक्का, तुझ्या बोटानं पोरं वाचलीत गं!”

“वाचली ती आपल्या आयुष्यानं. डोळं आलं ते माझ्या बोटानं. एकाचं पाणी म्या दुसऱ्याला नेऊन दिलं, दारोदार जाऊन. बोट धुवायचं न्हाय म्हणलं सासूनं, म्या धुतलं न्हाय. आता शानी व्हा. साबणानं हात धुवा. टावेल ज्याचा त्याला.”

असे म्हणून ती नळाखाली बसली आणि तिने बोट घासायला घेतले. साबणाने, मग चिंचेने, मग राखेने. घागरी भरून वाहू लागल्या तरी कुणी नळ बंद केला नाही. पेराचा काळेपणा फिकट झाला, गेला नाही.

तेव्हा मल्लाप्पाची बायको रुक्माक्का पुढे झाली. तिच्या धाकट्या सुनेला, पार्वतीला, फार वर्षांनी मुलगी झाली होती आणि बारसे तोंडावर आले होते. “हे सगळं खरं असंल बाई,” रुक्माक्का म्हणाली, “पर ह्या बोळात तुझ्या काजळाबिगर बारसं झालेलं न्हाय. तू डबी घिऊन यायचं.”

“डबी न्हाय आता.”

“मग?”

“मग म्या नुसती येती की.”

रुक्माक्काने घागर कमरेवर घेतली. दुष्ट बाई नव्हती ती. पण कायदा तिलाही पाठ होता. “नुसती येऊन… पाळण्यापाशी काय म्हणून उभी ऱ्हाशील गं? लोक इचारतील.”

नळाचे पाणी वाहत होते. तुंगाक्काने आपल्या ओल्या बोटाकडे पाहिले. “व्हय,” ती म्हणाली. “ते बी खरंच हाय.” आणि जाता जाता, “पार्वतीला सांगा, पोरीच्या डोळ्यात काय सुदिक घालायचं न्हाय. तीट लावायची तर आईनं लावायची. गालावर. हात धुवून.”

मी त्या दिवशी किती संतापलो होतो हे इथे लिहीत नाही. लिहिले तर तिचे व्यक्तिचित्र बाजूला राहील. मी मल्लाप्पाला लिहायला बसलो. चार पाने झाली. तुंगाक्का कांड्या भरता भरता समोरून बघत होती.

“कुणाला?” तिने विचारले.

“मल्लाप्पाला. तुला सन्मानाने बोलवावे म्हणून.”

“बोलावणं असं कागदावर मागत असत्यात व्हय, आप्पा?”

“मग निदान तडजोड कर. हात धू, आणि बाळाच्या गालावर बोट नुसते टेकव. तेवढ्याने काय बिघडते? जागा तर राहील तुझी.”

तिने कांड्या भरायचे चाक थांबवले. हा मुद्दा तिने आधीच विचारात घेतलेला दिसला. “एका पोरीला लावलं की बाकीच्या आया म्हणणार, आमच्या बी. मग डोळ्याला म्हणणार. म्या न्हाय म्हणू शकणार न्हाय, आप्पा. पोरं तोंड वर करत्यात तवा…”  चाक पुन्हा फिरू लागले.

मग एक गोष्ट झाली, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. हात न लावता ती घरोघर फिरू लागली. दारात उभी राहून आतल्या खुंट्या बघायची. “ह्यो टावेल कुणाचा? आन् त्यो?” पोराने डोळा चोळायला हात उचलला की बोळाच्या त्या टोकाहून ओरडायची, “ए ऽ! हात खाली!” कमळाबाईंनीही तिला एकदा साबणाची वडी देऊ केली, तिने घेतली. सर्वांत आधी ऐकले ते पार्वतीने. बाळंतिणीच्या खोलीत हात न धुता ती प्रत्यक्ष सासूलाही येऊ देईना, आणि त्या बाळाच्या डोळ्यांना शेवटपर्यंत काही झाले नाही. पुढे पुढे नव्या घरात डोळे येईनासे झाले. साथ आपल्या मुदतीने गेली की तिने घालवली, हा वाद मी घालणार नाही. एक माग सुरू झाला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. रंग पुन्हा लडींतून खाली उतरू लागले आणि माणसे पुन्हा एकमेकांच्या तोंडाकडे पाहून भांडू लागली.

बारसे एका संध्याकाळी, ऊन कलताना झाले. मल्लाप्पाच्या घरात बायका दाटल्या होत्या. पाळण्याचे गाणे दारातून बाहेर येत होते. वारा असेल त्याप्रमाणे कधी जवळ, कधी लांब. बोलावणे मलाही होते. मी गेलो नाही. त्या दाराविरुद्ध कोणत्या कलमाखाली दाद मागावी, हे मला तेव्हा कळले नव्हते आणि आजही कळलेले नाही.

तुंगाक्का आपल्या उंबऱ्यावर बसली होती. पातळ मात्र धुवट नेसली होती. कांड्यांची टोपली शेजारी होती आणि तिला तिने हात लावलेला नव्हता. गाण्याच्या शब्दांबरोबर तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

इतक्यात मल्लाप्पाची चार-पाच वर्षांची नात घुगऱ्या खात बाहेर आली. नवा झगा, गालावर आईने हौसेने लावलेली भली मोठी तीट. तिने तुंगाक्काला पाहिले, बोळ ओलांडला, आणि समोर येऊन, सवयीने, तोंड वर केले.

काळे बोट उचलले गेले. मी पाहिले. ते मुलीच्या पापणीच्या दिशेने निघाले, हवेत थांबले, आणि मुठीत परत गेले. मग ती दोन्ही हात मांडीखाली दाबून पुढे वाकली.

“उजेडाकडं बघ. हां. आता हिकडं.” तिने एक डोळा पाहिला, मग दुसरा. “निर्मळ हाईत. जा आत. तुला हाका मारत्यात.”

“तू न्हाय येत?”

“तू जा, बाय. मला हितनं दिसतंय.”